पोटदुखीचा हंगाम

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची दरी माणसांनी भरून जाते. बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगररांगेत हे ठिकाण आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा पाहायला पर्यटक येतात, तर यात्रेला मन्मथस्वामींच्या समाधीसमोर माथा टेकायला मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून वीरशैव लिंगायत भाविक दिंड्या घेऊन पायी येतात. याच दिवसांत या डोंगरपट्ट्यातल्या गावांमधून उलट्या दिशेनेही माणसं निघत असतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झालेली असते. भांडीकुंडी, ताडपत्री, कोयते आणि एखादी शेळी ट्रकमध्ये चढवून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकाकडे रवाना होतात. नवरा-बायकोच्या जोडीची मोजणी ‘एक कोयता’ अशीच होते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ही जोडी घरी परतत नाही. काही मुलं सोबत जातात आणि फडाजवळच्या कोपीत राहतात. काही गावात आजी-आजोबांकडे थांबतात, शाळा बुडू नये म्हणून.

अशा मागे राहिलेल्या एखाद्या मुलाचं सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखू लागतं. बेंबीभोवती कळ येते, चेहरा उतरतो, भाकरी तशीच राहते. कधी पोटाऐवजी डोकं असतं, कधी पाय, कधी चक्कर. आजी ओवा चावायला देते, बेंबीवर हिंगाचा लेप लावते, मीठ-मोहरीने दृष्ट काढते. दुपारपर्यंत सगळं थांबलेलं असतं आणि रविवारी तेच पोर दिवसभर उन्हात हुंदडतं. आठवड्याने पुन्हा तसंच झालं की घरातलं कुणीतरी बोलून जातं, ‘सोंग करतंय, शाळा नको म्हणून.’

मुलावर पहिला अन्याय होतो तो या वाक्याने. दुखणं खरं असतं.

शाळकरी मुलांमधलं हे वारंवारचं दुखणं जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या ओळखीचं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली आणि त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनी १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी व्याख्या साधी ठेवली होती: किमान तीन महिन्यांच्या काळात तीन किंवा अधिक वेळा पोट दुखलं पाहिजे आणि तेही रोजच्या कामात खंड पडेल इतकं. या कसोटीला दहा टक्क्यांहून थोडी जास्त मुलं उतरली. त्यांच्याकडे पोटदुखीसाठी आलेल्या मुलांची कसून तपासणी केली तेव्हा जेमतेम दहांतल्या एखाद्याच्या शरीरात बोट ठेवावं असा आजार सापडला. बाकीच्यांची कळ खरी होती, पण आतडी, मूत्रपिंडं आणि रक्त सगळं ठीक होतं. पुढे १९८०च्या दशकात सुरू झालेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आजही चालणाऱ्या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना आठ तक्रारींबद्दल एकत्रच विचारलं जातं: डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी, उदास वाटणं, चिडचिड, धास्ती, झोप न लागणं आणि चक्कर. शरीराच्या आणि मनाच्या तक्रारी एकाच यादीत ठेवल्या आहेत, कारण मुलांमध्ये त्या बहुतेक वेळा जोडीनेच येतात. मुलींमध्ये त्या जास्त आढळतात आणि वय वाढतं तसा हा फरकही वाढतो.

मग आजार नसताना दुखतं कसं? आतड्यांच्या भिंतींमध्ये मज्जापेशींचं एक दाट जाळं असतं. ते मेंदूला सतत खबर देत असतं आणि मेंदूकडून खबर घेतही असतं. भीती किंवा काळजी वाटली की शरीरात ताणाची रसायनं वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते, काही वेळा भूक मरते, काही वेळा शौचाला पळावं लागतं. परीक्षेच्या दिवशी हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. काही मुलांमध्ये ही यंत्रणा जास्तच हळवी होऊन बसते. आतड्यात बारीक फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांमध्ये अशा मुलांना इतरांपेक्षा कमी ताणालाच दुखू लागल्याचं दिसलं आहे. यात्रेच्या मंडपात माइक फार चढवून ठेवला की कीर्तनकाराचा श्वासही कर्ण्यातून ऐकू येतो. या मुलांच्या पोटातला नेहमीचा वायू किंवा आतड्याची साधी हालचाल तशीच मेंदूपर्यंत कळ बनून पोहोचते. एकदा जंतुसंसर्गाने जुलाब झाले, ते बरे झाले, तरी चढलेला आवाज कधी कधी तसाच राहतो. डोकेदुखीत मानेचे आणि कपाळाचे स्नायू आवळलेले असतात. घाबरलेलं मूल भराभर उथळ श्वास घेतं, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि खरोखरच चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. यातलं काहीही मूल ठरवून करत नाही.

तरीही ‘मनाचं आहे’ असं म्हणून मोकळं होणं हीदेखील तितकीच मोठी चूक आहे, आणि ग्रामीण भागात ती जास्त महागात पडू शकते. सकाळी उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलाचं पोट दुखण्याची साधी साधी कारणं पुष्कळ असतात. जंत असतात; त्यासाठी दरवर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळांमधून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती ज्या मुलाची चुकते त्याची नोंद पाहायला हवी. बद्धकोष्ठ तर फारच आढळतो. शाळेतलं शौचालय घाण किंवा बंद असेल तर मुलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत आवरून धरतात. मुली पाणीच पीत नाहीत, मग लघवीला जळजळ होते आणि ओटीपोटात दुखतं. डोकेदुखीमागे कधी चष्म्याचा नंबर असतो, कधी रक्त कमी असतं, कधी नुसती अपुरी झोप. ज्या शाळेत दहा मुलांचं पोट दुखतं, तिथे समुपदेशक बोलावण्याआधी शौचालयाची कडी आणि पाण्याची टाकी तपासावी.

चांगला डॉक्टर अशा मुलाला तपासताना एक छोटी गोष्ट करतो. तो म्हणतो, ‘एका बोटाने दाखव बरं, कुठे दुखतं?’ बहुतेक मुलं बोट टेकवत नाहीत. सगळा तळवा बेंबीभोवती गोल फिरवतात. एखादं मूल मात्र बेंबीपासून दूर, उजवीकडे खाली किंवा पाठीकडे कुशीत, नेमक्या एका जागी बोट ठेवतं. तिथे डॉक्टर सावध होतो. बेंबीपासून दुखणं जितकं लांब तितकी शारीरिक आजाराची शंका जास्त, ही खूण ॲप्ली यांच्याच नावाने वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवली जाते. धोक्याच्या बाकीच्या खुणाही पालकांनी लक्षात ठेवाव्यात. मुलाचं वजन घटतंय किंवा उंची थांबलीय, झोपेतून उठवेल इतकं दुखतंय, शौचातून रक्त जातंय, सतत किंवा हिरवट उलट्या होतायत, ताप रेंगाळतोय, सांधे सुजतायत, लघवीला त्रास होतोय, तर ते मूल त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. डोकेदुखीत पहाटेच्या उलट्या, दुहेरी दिसणं किंवा चालताना तोल जाणं ही तशीच निकड आहे.

या खुणा नसतील आणि साध्या तपासण्या ठीक असतील, तर तपासण्यांच्या मागे लागणं थांबवायला हवं. हे सांगायला सोपं, निभवायला अवघड. आजी नातवाला घेऊन तालुक्याला जाते, उसने पैसे घेऊन सोनोग्राफी करते. अहवालात इंग्रजीत लिहिलेलं असतं की आतड्याच्या पडद्यात काही लहान लसिका ग्रंथी दिसल्या. निरोगी मुलांच्या पोटातही अशा बारीक ग्रंथी सर्रास दिसतात आणि बहुतेक वेळा त्यांचा दुखण्याशी संबंध नसतो. पण घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘पोटात गाठी झाल्यात’ असं होतं. फडावर फोन जातो. आईच्या हातातला कोयता थांबतो. तिला वाटतं टीबी असेल, कॅन्सर असेल. मुलाच्या कानावर हे सगळं पडतं आणि त्याला पहिल्यांदाच पटतं की आपल्या पोटात काहीतरी भयंकर आहे. पुढची कळ अधिक जोरात येते. नको त्या औषधांचे महिनेच्या महिने चालणारे कोर्स आणि कधी कधी गरज नसलेलं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथूनच सुरू होतं. रिपोर्ट हातात देताना डॉक्टरांनी पाच मिनिटं बसून ‘या ग्रंथी सगळ्यांनाच असतात, घाबरू नका’ एवढं समजावलं, तर बराच खर्च आणि बरीच धास्ती वाचते.

सोनोग्राफीपेक्षा उपयोगी आणि फुकट असलेलं साधन घराच्या भिंतीवरच टांगलेलं असतं. ते म्हणजे कॅलेंडर. ज्या दिवशी दुखलं त्या चौकटीत पेन्सिलने एक फुली मारायची. शेजारी बारीक अक्षरात लिहायचं: किती वाजता दुखलं, शाळा होती की सुट्टी, सकाळी काय खाल्लं, शौचाला झालं होतं का, रात्री झोप लागली का, आदल्या दिवशी घरात किंवा शाळेत काय घडलं. आजीला लिहिता येत नसेल तर मुलाने स्वतः किंवा शेजारच्या ताईने लिहावं. महिन्याभरात फुल्या बोलू लागतात. एखाद्याच्या सगळ्या फुल्या गणिताच्या चाचणीच्या दिवशी येतात. एखाद्याच्या शौचाला न झालेल्या तिसऱ्या दिवशी येतात. त्याला समुपदेशनाची नाही, पाण्याची, भाज्यांची आणि सकाळी निवांत बसण्याच्या सवयीची गरज असते. एखाद्याच्या दूध प्यायल्यावर येतात. आणि एखाद्याच्या कॅलेंडरवर दिवाळीपर्यंत एकही फुली नसते, मग गर्दी होते.

या शेवटच्या मुलाचं दुखणं हंगामी आहे, आणि त्याचं कारण त्याच्या पोटाबाहेर आहे. आईवडील कामासाठी दूर गेलेल्या मुलांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये आला. त्यात १११ अभ्यास आणि अडीच लाखांहून अधिक मुलं होती. बहुसंख्य अभ्यास चीनमधले, कारण तिथे खेड्यात मागे राहिलेल्या मुलांची संख्या काही कोटींत आहे. आईवडिलांसोबत राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांमध्ये नैराश्याचा धोका सुमारे दीडपट आणि चिंतेचा त्याहूनही जास्त आढळला. चीनमधलं मूल आणि पाटोदा-शिरूरच्या वाडीवस्तीवरचं मूल यांच्या आयुष्यात फरक पुष्कळ आहेत. पण सहा महिने आईचा हात अंगावरून फिरत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. आठ-नऊ वर्षांचं मूल ‘मला आईची आठवण येते, फडावर तिला साप चावला तर काय’ असं सहसा बोलत नाही. कदाचित त्याला स्वतःलाही ते नीट ठाऊक नसतं. पोट दुखतंय हे मात्र त्याला सांगता येतं आणि ते ऐकलंही जातं.

मुलींचं दुखणं आणखी निराळं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या दहांपैकी चारहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं नोंदलं गेलं. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवून जायची कशी, ही आईवडिलांची काळजी या आकड्यामागे आहे. जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणून उचल मिळते, हेही आहे. सातवी-आठवीतल्या मुलीची डोकेदुखी सुरू होते तेव्हा घरात कधी पाहुणे येऊन गेलेले असतात, कधी धाकट्या भावंडांचा स्वयंपाक तिच्या गळ्यात पडलेला असतो. कधी येता-जाता कुणीतरी त्रास देत असतं. डोकेदुखीच्या गोळ्या देत राहिलं तर यातलं काहीच कळत नाही. म्हणूनच मुलीशी एकटीशी, दार लोटून, शांतपणे बोलणारी एक बाई शाळेत असणं फार गरजेचं आहे. त्रास देणारा माणूस घरातलाच असला तर हे बोलणं तिचा जीव वाचवू शकतं.

दुखणं एका मुलापुरतं राहिलं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या गोवंडीत पाहिलं. महापालिकेच्या शाळेतली एक मुलगी दगावली. शाळेत दिलेल्या लोहाच्या गोळ्यांमुळे असं झालं, ही बातमी वस्तीत वाऱ्यासारखी पसरली आणि १० ऑगस्टला शेकडो मुलांना मळमळ, पोटदुखी, चक्कर अशा तक्रारींसह रुग्णालयांत आणलं गेलं. बहुतेक मुलं तपासून घरी गेली; मुलीच्या मृत्यूचा गोळ्यांशी संबंध नसल्याचं पालिकेने सांगितलं. त्या मुलांना खोटं ठरवण्यात अर्थ नव्हता. लोहाच्या गोळीने उपाशीपोटी मळमळतंच, आणि भेदरलेल्या आईच्या कडेवर बसलेल्या मुलाला दहापट मळमळतं. अशा वेळी मुलांना गर्दीपासून वेगळं करणं, शांत आवाजात बोलणं आणि पालकांना खरी माहिती लगेच देणं याने बरंच निभावतं.

घरच्यांनी दुखण्याकडे किती लक्ष द्यायचं, याचं उत्तर एका सुबक प्रयोगातून मिळालं आहे. अमेरिकेतल्या व्हॅण्डरबिल्ट विद्यापीठाच्या लिन वॉकर यांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना पोट गच्च होईपर्यंत पाणी प्यायला दिलं. मग काही आयांना सांगितलं, ‘कुठे दुखतंय, किती दुखतंय’ असं विचारत राहा. काहींना सांगितलं, दुसऱ्या गोष्टींकडे लक्ष वळवा. काहींना काहीच सांगितलं नाही. काहीच न सांगितलेल्या आयांच्या मुलांशी तुलना केली तेव्हा विचारपूस होत राहिलेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि लक्ष वळवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. विशेष म्हणजे पोटदुखीच्या रुग्ण मुलांच्या आयांना वाटत होतं की लक्ष वळवल्याने मुलाचं नुकसान होईल, मुलांना मात्र त्यानेच बरं वाटलं होतं. याचा अर्थ दुर्लक्ष करा असा नाही. ‘दुखतंय ना, मला माहीत आहे. कमी होईल. चल, शेळीला पाला टाकून येऊ,’ असं म्हणणारी आजी नकळत उत्तम उपचार करत असते. दर तासाला ‘आता कसं वाटतंय रे?’ विचारणारी माया दुखणं जागं ठेवते.

शाळा बंद करणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. घरी राहिलं की दुखणं तात्पुरतं थांबतं, राहिलेला अभ्यास वाढतो, परत जाण्याची भीती वाढते आणि पुढची कळ आणखी लवकर येते. वर्गात पोट दुखलं तर मुलाला लगेच घरी पाठवू नये. दहा-पंधरा मिनिटं सतरंजीवर पडू द्यावं, पाणी द्यावं, हळू श्वास घ्यायला सांगावं आणि पुन्हा वर्गात बसवावं. अर्थात वर्गातच काही भयंकर वाट पाहत नसेल तर. छडीची भीती असेल, जातीवरून चिडवणं असेल, मागच्या बाकावरच्या दांडग्या मुलाचा मार असेल, तर आधी ते थांबवलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. मारकुट्या गुरुजींच्या वर्गातलं पोट दुखायचं थांबत नाही, कितीही ओवा दिला तरी.

एवढं करूनही दुखणं हटलं नाही तर बालमानसोपचाराची मदत घ्यावी. विचारांची आणि सवयींची दिशा बदलणारे उपचार, श्वासाचे आणि कल्पनाचित्रांचे व्यायाम यांचा अशा पोटदुखीवर चांगला उपयोग होतो, हे अनेक देशांतल्या चाचण्यांमध्ये दिसलं आहे. बीडच्या मुलांसाठी ही मदत अगदीच दूर नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी वारंवार पोट किंवा डोकं दुखणाऱ्या मुलांची यादी मुख्याध्यापकांनी हातात द्यावी. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. मुलाला कुणी छळत असल्याची शंका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

बीडमधली मोठी संधी मात्र वसतिगृहांमध्ये आहे. स्थलांतराच्या काळात मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. जेवण आणि खोलीसोबत या मुलांना आईवडिलांच्या आवाजाचीही सोय हवी: आठवड्यातले दोन ठरलेले दिवस, ठरलेली वेळ, आणि फडावर रेंज नसेल तर मुकादमाच्या फोनवर. अनिश्चित फोनची वाट पाहण्यापेक्षा ठरलेला फोन मुलाला जास्त धीर देतो. ही तयारी टोळ्या निघाल्यावर करून भागत नाही. सप्टेंबरमध्येच पालकसभा घेऊन कोण कुठल्या कारखान्याला जाणार, मूल कुणाकडे राहणार, कुठला फोन लागतो, गेल्या हंगामात कुणाचं पोट किंवा डोकं सतत दुखत होतं, हे वर्गशिक्षकांनी एका वहीत उतरवून घ्यावं. जाणाऱ्या आईने मुलाला खोटं सांगून, पहाटे झोपेत सोडून जाऊ नये. कधी जाणार, कधी येणार, कोणत्या सणाला फोन करणार, हे त्याला तोंडावर सांगावं आणि कॅलेंडरवर त्याच्यासमोर खूण करावी. वर्गशिक्षकांची ती वही हंगाम संपेपर्यंत मुख्याध्यापकांच्या टेबलावर राहावी आणि तपासणी पथक येईल त्या दिवशी डॉक्टरांसमोर उघडली जावी.